फरशीखालची जमीनही वाफशावर हवी
(जीर्णोद्धाराच्या कामास आरंभ करताना झालेल्या ग्रामसभेतील भाषण)



मंदिराचे पटांगण व प्रदक्षिणेची वाट रामनवमीपूर्वी काँक्रीटची व्हावी, असा आपणा सर्वांचा आग्रह आहे. तरीही मी आज आपल्याकडे पंधरा दिवस अधिक मागण्यास उभा आहे.

आपली यवतमाळची काळी जमीन कपाशीला माउली, पण बांधकामाला अवघड. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मी नवखा असताना एका गावी अशाच भेगाळ जमिनीवर ओटा घातला. पहिल्याच पावसात कडेने पाणी शिरले, कडा उचलल्या आणि ओटा तडकला. सिमेंट चांगले होते. चूक माझी होती.

शेतकरी वाफसा आल्याशिवाय पेरत नाही. इथेही तोच नियम आहे. प्रथम वरची दीड फूट काळी माती, मुळ्या व कचरा काढू. खालच्या जमिनीवर काही दिवस थोडे थोडे पाणी शिंपून भेगा मिटेपर्यंत ते मुरू देऊ. चिखल मात्र होऊ द्यायचा नाही. वाफसा येताच चोपून, ती पुन्हा सुकण्याआधी मुरूम पसरू.

मुरूम चार-चार इंचांच्या थरांनी, ओला करून, धुम्मसाने ठोकायचा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण हाताला पाणी सुटू नये, एवढीच ओल हवी. ठरावीक ओलीतच माती सर्वांत घट्ट बसते, हे अमेरिकेतील अभियंते प्रॉक्टर यांनी १९३३ साली मांडले. मुंबईच्या आय.आय.टी.चे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीतील कालव्यांसाठी न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे मीटरभर थर सुचविला. तेवढा खर्च आपल्याला पेलणार नाही. पण दीड फूट चांगला मुरूम आपण नक्की घालू शकतो. स्वस्त म्हणून वाळू भरू नका. वाळूत पाणी साठते व ती खालच्या मातीला पाजत राहते.

काँक्रीटपूर्वी मुरूम ओलसर करावा. त्यावर डबके नसावे. फरशीला बाहेरच्या बाजूस उतार व कडेने नाली हवीच.

देणगीदारहो, मुरमाखाली गेलेला पैसा कोणाला दिसणार नाही, त्यावर नावाची पाटीही लागणार नाही. पण नातवंडे ज्या वाटेवरून ठेच न लागता प्रदक्षिणा घालतील, ती त्याच पैशावर उभी असेल. म्हणून म्हणतो, पंधरा दिवस द्या.