विरोध कशाला? : प्रवर्तित विद्युतधारेच्या दिशेविषयी



ज्यांच्या स्मृतीला हे व्याख्यान वाहिले आहे ते गुरुजी विज्ञानाचे. मी मराठीचा अध्यापक. तरीही विषय त्यांचाच निवडला, कारण त्यातील एका नियमाचे मर्म एका शब्दाच्या अन्वयात दडलेले आहे.

मायकेल फॅरेडे हा पुस्तकबांधणीची उमेदवारी केलेला मनुष्य. उच्च गणित त्याला येत नव्हते. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली आणि एकातून विद्युतधारा सोडली. दुसऱ्याला जोडलेल्या मापकाची सुई क्षणभर हलली व पूर्ववत झाली. पहिल्यात धारा वाहतच होती, सुई मात्र स्वस्थ! धारा तोडताच ती पुन्हा हलली, या वेळी उलट दिशेने. १७ ऑक्टोबरला वेटोळ्यात नुसते चुंबक खुपसून आणि बाहेर काढून त्याने हेच घडवले. जिनिव्हाच्या कोलाडॉनने त्याआधी असाच प्रयोग केला होता. पण चुंबकाचा उपद्रव टाळण्यासाठी त्याने मापक दुसऱ्या खोलीत ठेवले होते. तो तेथे पोहोचेपर्यंत सुई जागेवर आलेली असे, असे सांगतात.

धारेची दिशा एका सूत्रात बांधली ती हाइनरिख लेन्झने, १८३४ साली. आपली मुले ते सूत्र घोकतात : प्रवर्तित धारा आपल्या कारणाला विरोध करते. येथेच घोटाळा होतो. ‘विरोध’ म्हटले की मराठी मनाला दूर लोटणे आठवते, आणि मूल समजते की वेटोळे चुंबकाला सदैव ढकलतेच. पण येथे कारण चुंबक नव्हे. कारण म्हणजे बदल.

उत्तर ध्रुव वेटोळ्याजवळ आणा. त्यातून जाणाऱ्या बलरेषा वाढतात, म्हणून समोरची बाजू उत्तर ध्रुव बनून त्याला लोटते. चुंबकाकडून पाहिल्यास धारा घड्याळाच्या काट्यांविरुद्ध फिरते. आता तोच ध्रुव मागे घ्या. बलरेषा घटू लागतात. तीच बाजू दक्षिण ध्रुव होते आणि जाणाऱ्याला ओढून धरते. येणाऱ्याला अडवणे आणि जाणाऱ्याला थांबवणे, दोन्ही विरोधच! चुंबक स्थिर धरा, धारा नाहीशी होते.

दिशा याच्या उलट असती तर? जवळ येणाऱ्या चुंबकाला वेटोळे स्वतःच ओढून घेते, वेग वाढता, वेगाने धारा वाढती, आणि श्रमाविना वीज मिळत राहती. ऊर्जेच्या अक्षय्यतेचे तत्त्व शास्त्रज्ञांत रुजले ते १८४० च्या दशकात. लेन्झचा नियम त्याआधीचा, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. सायकलच्या डायनामोवर दिवा लावून पायडल मारलेल्यांना तत्त्वाची ओळख पायांनीच झाली आहे. चाकावर घासण्याचा त्रास वेगळा. दिवा पेटताच जो भार वाढतो, तो या विरोधाचा.

प्रयोगशाळेत तांब्याची एक जाड नळी ठेवली आहे. तांब्याला चुंबक चिकटत नाही, हे आधी पाहून घ्या. मग लहानसे जोरकस चुंबक तीतून सोडा. ते रेंगाळत उतरते, पण मध्येच थांबत नाही. थांबले तर बदल संपेल आणि बदलाबरोबर विरोधही. शेजारी उभी चीर पाडलेली दुसरी नळी आहे. तिच्यात धारेला पुरता वेढा घालता येत नाही, म्हणून तेच चुंबक पुष्कळ लवकर खाली येते. दोन्ही नळ्यांत ते स्वतः सोडून पाहा.