खारपाणपट्टा आणि किडनीचा आजार

दीर्घकालीन मूत्रपिंडविकार जगात साधारण दहा माणसांत एकाला असतो, असा अंदाज आहे. भारतातल्या १३ केंद्रांवर सुमारे ६,१०० प्रौढांची तपासणी झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ‘सीक’ पाहणीत हे प्रमाण १७.२ टक्के निघाले. तिसऱ्या किंवा पुढच्या टप्प्यातले मात्र सुमारे ६ टक्केच होते. आकडा जपून वापरावा असा आहे. अशा तपासणी शिबिराला आपणहून येणारा माणूस गावाचा नमुना नसतो. शिवाय बिघाड तीन महिने टिकला तरच विकार दीर्घकालीन ठरतो. एका दिवसाच्या तपासणीत ताप किंवा जंतुसंसर्गानेही लघवीत प्रथिन उतरते.

म्हणूनच वऱ्हाडात आधी इथला प्रश्न विचारणे रास्त: अमरावती-अकोल्यात हे प्रमाण किती? डायलिसिसच्या यादीवरून ते कळत नाही. त्या यादीत शेवटच्या टप्प्यातले, आणि त्यातही दवाखान्यापर्यंत पोचलेलेच असतात. क्रिएटिनिन ठळकपणे वाढते तोवर किडनीचे निम्मे काम गेलेले असते, आणि रुग्ण तर कपाशीच्या शेतात राबतच असतो.

पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूरपासून अकोट, तेल्हारा, बाळापूर आणि पुढे बुलढाण्यातल्या शेगाव-संग्रामपूरपर्यंत खारपाणपट्टा पसरला आहे. विहिरी-बोअरचे पाणी खारट, आणि किडनीच्या दुखण्याचा दोष गावकरी त्यालाच देतात. हा संशय झटकून टाकण्याजोगा नाही. पण तो सिद्ध झाला असे म्हणणेही घाईचे. मधुमेह, रक्तदाब, दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, मुतखडा, उन्हातली मेहनत ही कारणे त्याच घरांत नांदतात. आंध्रातल्या उद्दानममध्येही पाण्यावर बोट ठेवले गेले. अनेक वर्षांच्या संशोधनानंतरही एकच कारण तिथे पक्के झालेले नाही.

मोजणी घरोघरी करावी लागेल. पट्ट्यातली आणि पट्ट्याबाहेरची गोड्या पाण्याची गावे निवडून, सारख्या वयोगटांत, रक्तातले क्रिएटिनिन व लघवीतले अल्ब्युमिन पाहायचे आणि दोष आढळलेल्यांचे तीन महिन्यांनी पुन्हा. पाण्याचा हिशेबही सोपा नाही: वान धरणाचे पाणी नळाने अनेक गावांत पोचले आहे. आज काय पितात, एवढे विचारून भागत नाही. बोअरचे पाणी किती वर्षे प्यायले आणि नळ कोरडा पडला की घागर कुठे भरली जाते, हेही नोंदवावे लागते.