उन्हाळ्यात पर्णहीन होणारी वेळूची बेटे
(भोपाळ परिसरातील ग्रामस्थ, वनकर्मचारी व शिक्षक यांच्यासाठी योजिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



फाल्गुन सरत आला की भोपाळच्या आसपासच्या टेकड्यांवरील वेळूची बेटे पिवळी पडू लागतात आणि चैत्रात काही ठिकाणी त्यांवर पानही उरत नाही. असे बेट वाळले असा समज होतो; मालक कुऱ्हाड घेऊन उभा राहतो, किंवा शाळेच्या आवारातील बेट खणून काढण्याचे ठरते. यात पुष्कळदा जिवंत बेटाचाच बळी जातो. म्हणून पान का गळले याचा निर्णय आधी करावा, उपचार मागाहून.

मध्य प्रदेश व विदर्भातील कोरड्या पानझडी वनांत प्रामुख्याने आढळणारा वेळू म्हणजे मानवेल. शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. भोपाळास वर्षाकाठी सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो खरा, परंतु त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. उरलेला काळ जमिनीतील ओलाव्यावर काढावयाचा असल्याने मानवेल सागाप्रमाणे पाने टाकून देतो व पाण्याचा खर्च थांबवितो. नाल्याकाठचे बेट त्याच वेळी हिरवे असते. तेव्हा शेजाऱ्याचे बेट हिरवे आणि आपले उघडे, म्हणून आपल्यास रोग, हा तर्क बरोबर नाही.

परीक्षा सोपी आहे. पेराच्या सांध्यावरील डोळा नखाने हलकेच खरवडावा. आत हिरवा, ओलसर गर दिसल्यास बेट जिवंत आहे. उन्हाळ्यातच किंवा पहिल्या पावसानंतर पालवी फुटते. एका काठीवरून मात्र निर्णय करू नये. जुन्या काठ्या मेलेल्या असूनही जमिनीतील कंद जिवंत असू शकतो, आणि वेळूचे खरे भांडवल तो कंदच होय.

नव्या लागवडीची गोष्ट वेगळी. पहिले दोन उन्हाळे रोपांना पाणी द्यावेच लागते. पाने दुपारी गुंडाळून सायंकाळी उलगडत असतील तर ती उन्हापासून स्वतःचा बचाव करीत आहेत. सकाळीही गुंडाळलेलीच राहिली तर मुळाशी ओल नाही असे समजावे. याउलट काळ्या जमिनीत खड्डा भरून पाणी साचले की मुळे गुदमरतात, पाने पिवळी होऊन गळतात आणि भाबडा मालक आणखी पाणी ओततो! अशा ठिकाणी चर काढून पाण्याचा निचरा करावा व बुंध्याशी मातीची भर द्यावी. (घरातल्या काचेच्या भांड्यात ठेवतात तो ‘लकी बांबू’ वेळू नव्हेच; तो ड्रॅसिना जातीचा आहे. त्यास हे नियम लावू नयेत.)

गळलेला पाला झाडून जाळण्याची रीत सर्वांत हानिकारक. वेळूच्या पानांत सिलिका पुष्कळ असते. ती कुजून पुन्हा बेटाच्याच उपयोगी पडते. शिवाय पाल्याच्या थराखाली ओल टिकते. पण हाच पाला एप्रिल-मे महिन्यांत ठिणगीने पेट घेतो, म्हणून पाला बुंध्याभोवती ठेवून त्याच्या बाहेर काही हात रुंदीचा पट्टा स्वच्छ राखावा.

तोड करताना त्या वर्षीचे व मागील वर्षीचे वेळू राखावेत, तीन वर्षांवरील काढावेत, आणि कोंब निघण्याच्या पावसाळ्यात हात लावू नये. खाजगी जमिनीवरील वेळू तोडण्यास व वाहून नेण्यास पूर्वी वनकायद्याची अडचण असे. २०१७ च्या दुरुस्तीने वेळू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. वनजमिनीवरील वेळूस मात्र वनकायदा लागूच आहे, हे ग्रामसेवकांनी गावकऱ्यांस नीट समजावून द्यावे.

पानगळीचे एकच कारण खरोखर चिंतेचे, ते म्हणजे फुलोरा. काठ्यांच्या सांध्यांवर गोल, टोकदार झुबके लगडले आणि पालवी आली नाही, तर बेट बहरून मरणार हे निश्चित समजावे. पाणी वा खत त्यास वाचवीत नाही. मानवेलाचे असे सामुदायिक फुलणे कित्येक दशकांनी येते. मिझोरममध्ये दुसऱ्या एका जातीचा वेळू १९५८-५९ व नंतर २००६-०७ च्या सुमारास फुलला. बियांवर उंदीर माजले व पहिल्या प्रसंगी दुष्काळ ओढवला. येथे तेवढे भय नसले, तरी बी पिकून गळेपर्यंत बेट तोडू नये. बी वेचून घ्यावे, काही तेथेच पडू द्यावे आणि पावसाळ्यात उगवणाऱ्या गवतासारख्या बारीक रोपांभोवती काटेरी कुंपण घालून निदान तीन-चार वर्षे गुरे व आग यांपासून त्यांचे रक्षण करावे.