आजोबांची अठ्ठावीस, नातवाची एकोणतीस

(मंडळाच्या गणेशोत्सवात पाटणकर बाजारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. शेवटची प्रश्नोत्तरं जागेअभावी गाळली आहेत.)



बाप्पाच्या मांडवात सायकलीवर व्याख्यान म्हटल्यावर काही जणांच्या कपाळाला आठी पडली असेल. पण विषय कार्यकारिणीनं दिला, आणि त्याला कारण आहे. आपल्या बऱ्याच घरांतून मला एकच प्रश्न विचारला जातो. मुलाला किंवा मुलीला जाड टायरची, गिअरची सायकल हवी आहे, बजेट पंधरा-वीस हजारांचं आहे, आणि ती घेऊन पोरांना गुप्तेश्वराच्या पुढे तिघऱ्याकडे किंवा सांतऊच्या जंगलवाटेला जायचं आहे. कोणती घ्यावी? पगारदार माणसाच्या घरात ही रक्कम लहान नाही. सायकल चुकली तर वर्षभरात तिच्यावर टॉवेल वाळत पडतात, आणि पोरगं पुन्हा मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसतं. दुसऱ्यांदा कुणी सायकल घेऊन देत नाही, हे आपण सगळे जाणतो.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. मोठ्या चाकाची, मागे शॉक ॲब्सॉर्बर नसलेली साधी सायकल घ्या. इंग्रजीत तिला हार्डटेल म्हणतात. पुढच्या चिमट्यात स्प्रिंग, मागचा सांगाडा मात्र सरळ नळ्यांचा, एकसंध.

आता मोठं चाक कशासाठी? इथे बसलेल्या आजोबांना हे शिकवायची गरज नाही. रॅले, हिंद, ॲटलस, हिरो, काळ्या रंगाची ती सायकल प्रत्येक वाड्याच्या बोळात उभी असायची. तिच्या टायरवर 28 x 1½ असं लिहिलेलं असे. त्या टायरची बैठक म्हणजे रिमचा व्यास 635 मिलीमीटर. आज दुकानदार ज्याला मोठ्या कौतुकानं ‘ट्वेंटीनाइनर’ म्हणतो, तिच्या रिमचा हाच व्यास आहे 622. म्हणजे आजोबांची रिम नातवाच्या रिमपेक्षा 13 मिलीमीटरनं मोठी! नवीन सायकलीचा टायर सव्वादोन इंच जाड असतो, म्हणून बाहेरून मोजल्यावर ती जेमतेम पुढे जाते, एवढंच. खेड्यातल्या कच्च्या रस्त्यावर दुधाच्या कॅन लटकवून धावायला ते मोठं चाक वापरलं गेलं, ते उगाच नाही.

मग मधली इतकी वर्षं डोंगरी सायकलींना 26 इंची चाक का होतं? कारण शास्त्रीय नव्हतं. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या काही तरुणांनी जुन्या जड सायकली डोंगरावरून खाली सोडायला सुरुवात केली. त्या जुन्या सायकलींचे फुगीर टायर 26 इंची मिळत, म्हणून तेच माप रूढ झालं. 622 च्या रिमवर बसणारा खरोखर जाड डोंगरी टायर 1999 च्या सुमारास बाजारात आला आणि मग हळूहळू सगळं चित्र पालटलं.

फायदा किती, तेही सांगतो, कारण जाहिरातीत तो फार फुगवतात. तीन इंच उंचीचा दगड वाटेत आला, तर त्यावर चढायला 26 इंची चाकापेक्षा 29 इंचीला कागदावरच्या हिशेबानं साधारण सात टक्के कमी जोर लागतो. सात टक्के म्हणजे चमत्कार नव्हे. पण आपल्याकडच्या वालुकाश्माच्या फरशीवर असे दगड एका किलोमीटरमध्ये शेकड्यानं येतात, आणि प्रत्येकाला चाक अडखळण्याऐवजी वरून जातं. संध्याकाळी हाताच्या मनगटांना तो फरक कळतो.

पण उंची पाच फुटांच्या आत असेल तर 29 चा हट्ट नको. त्या उंचीला 27.5 इंची चाक, अगदी लहानांना 24 बरं. जमिनीवर दोन्ही पाय टेकवून उभं राहिल्यावर नळी आणि शरीर यांत दोन-तीन बोटं तरी अंतर हवं. कैंची मारून आपण शिकलो ते ठीक, पण उतारावर ते चालत नाही.

आता मागच्या शॉक ॲब्सॉर्बरबद्दल. दुकानात तो दिसायला फार रुबाबदार असतो, आणि मुलांचं बोट नेमकं तिकडेच जातं. आमच्या गल्लीतल्या एका मुलानं अशीच दोन शॉकरवाली सायकल घेतली. तिघऱ्याच्या चार फेऱ्यांत मागचे सांधे खुळखुळायला लागले, आणि चढावर पायडल मारलं की निम्मा जोर स्प्रिंग दाबण्यातच जायचा. चांगलं मागचं सस्पेन्शन असतं, नाही असं नाही, पण त्याची किंमत लाखाच्या घरात जाते. वीस हजारांत ते बसवायचं म्हणजे पैसे दुसरीकडून कापावे लागतात. ते कापले जातात चाकातून, हबमधून आणि ब्रेकमधून.

आणि नेमके तिथेच पैसे हवेत. रिम दुहेरी भिंतीची ॲल्युमिनियमची असावी. मागच्या हबला जुन्या पद्धतीचं आट्यांवर बसणारं फ्रीव्हील आहे की सरकवून बसवायची कॅसेट आहे, हे विचारा. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे एक्सलच्या टोकापासून बरेच आत असतात. दगडावर आदळून तो एक्सल वाकतो किंवा तुटतो. कॅसेटमध्ये आधार टोकाजवळ मिळतो. गिअर किती, याला माझ्या मते फारसं महत्त्व नाही. 21 म्हटल्यानं चढ सोपा होत नाही. मागची सर्वांत मोठी चकती किती दात्यांची आहे, ते मोजा. ब्रेक तारेवर चालणारे डिस्क चालतील, कारण तार कुठेही बदलून मिळते. चिमट्यातली स्वस्त स्प्रिंग जड असते, तिच्याकडून फार अपेक्षा नको. स्प्रिंग नसलेला सरळ चिमटा मिळाला, तरी मी तक्रार करणार नाही. जाड टायरच निम्मं काम करतो.

गावातल्या मिस्त्रीला आपण आजही ‘ओव्हरऑइलिंग करून द्या’ म्हणतो. डिस्कच्या सायकलीला हे शब्द म्हणू नका! तेलाचा एक थेंब डिस्कच्या तबकडीवर किंवा ब्रेकच्या पॅडवर गेला की ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. तेल फक्त चेनला, तेही पुसून. सायकल खोक्यातून जोडून मिळते, तेव्हा पहिल्या आठवड्यानंतर सगळे स्क्रू पुन्हा आवळून घ्या. डाव्या पायडलची आटी उलटी असते हे विसरून पुष्कळांनी क्रँक खराब केले आहेत. मागचा गिअर बदलणारा भाग ज्या छोट्या पट्टीवर लटकतो, ती पट्टी मुद्दाम मऊ केलेली असते. पडलं तर ती वाकावी आणि सांगाडा वाचावा म्हणून. ती प्रत्येक मॉडेलची वेगळी असते, तेव्हा सायकल घेतानाच एक जादा घेऊन ठेवा.

आता आपल्या भागातला खरा शत्रू, विलायती बाभूळ. तिघऱ्याच्या वाटेवर काय, किंवा मोरेनाच्या बीहडात काय, तिचा काटा टायरमधून आरपार जातो. रिम आणि टायर ट्यूबलेस होण्याजोगे असतील, तर आत पातळ रबरी द्रव घालतात. तो भोक आपोआप बुजवतो. नसेल तर त्याच द्रवाच्या ट्यूब मिळतात. काहीच नसेल तर दोन जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचं सामान पाठीवर हवंच. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड घ्या, म्हणजे पेट्रोल पंपावर हवा भरता येते. तिथला पोऱ्या मात्र सवयीनं पन्नास-साठ पौंड भरतो. एवढ्या हवेत मोठं चाक दगडावर चेंडूसारखं उडतं आणि सगळा फायदा जातो. साठ-सत्तर किलोच्या माणसाला सव्वादोन इंची टायरमध्ये ट्यूब असेल तर तीस पौंडांच्या आसपास पुरतं. त्याहून फार उतरवलं तर दगड आणि रिम यांच्या मध्ये ट्यूब चेपून शेजारीशेजारी दोन भोकं पडतात.

तिघरा म्हटलं की एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. विश्वेश्वरय्यांनी आपले आपोआप उघडणारे दरवाजे आधी पुण्याजवळ खडकवासल्याला बसवले आणि मग तिघऱ्याला. पुण्याचा पाहुणा आला की त्याला हे जरूर ऐकवा. पण आपल्या पोरांपैकी कितीजणांनी ते धरण गाडीच्या काचेपलीकडून नव्हे, स्वतःच्या पायांनी जाऊन पाहिलं आहे? मुलींची संख्या तर त्याहून कमी. भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. म्हणून चौघांनी मिळून जावं, हेल्मेट असावं, खाणींच्या कडेला जाऊ नये, आणि पावसानंतर दोन दिवस बीहडाची माती टाळावी. ती चाकाला अशी लपेटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मे महिन्यात सकाळी आठनंतर परतीच्या वाटेवर असावं. एवढं पाळलं तर मुलीला ‘तू नको’ म्हणायचं कारण मला दिसत नाही.

2023 च्या ऑक्टोबरात आशियाई माउंटन बाइक स्पर्धा केरळात पोनमुडीला झाली. खेळ आपल्या देशात आला आहे, एवढं सांगण्यापुरता उल्लेख. आपल्या घरातून कुणी स्पर्धेत उतरावं असा माझा आग्रह नाही.

माझी सायकल मांडवाबाहेर, चपलांच्या शेजारी उभी आहे. आरतीला अजून वेळ आहे. टायरमध्ये अठ्ठावीस पौंड हवा आहे, अंगठ्यानं दाबून पाहा, म्हणजे किती मऊ असावा ते कळेल. आणि ज्या आजोबांकडे अजून जुनी अठ्ठावीस शिल्लक असेल, त्यांनी उद्या ती घेऊन यावी. दोन्ही चाकं शेजारी लावून मुलांना दाखवू.