राष्ट्रपती गाइड आणि ३१ जून
(आकाशवाणीवरील भाषण)

विषय मिळालाय राष्ट्रपती पुरस्काराचा आणि मिनिटं मोजकी. तेव्हा प्रवेश, तीन सोपान, मग राज्य पुरस्कार, ही वाट मी पुन्हा सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात एक गाइड किंवा स्काउट आहे, त्यांना ती पाठ आहे. मला बोलायचंय लॉगबुकाबद्दल, म्हणजे आपण काय केलं याची नोंद ठेवायच्या वहीबद्दल.

मागे आमच्या जबलपुरातल्या गढ्याच्याच एका मुलीची वही तपासायला माझ्यापुढे आली. अक्षर मोत्यासारखं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच शाई, एकच पेन, कुठे खाडाखोड नाही. मदनमहालच्या टेकडीवर केलेल्या सहलीचं सुरेख वर्णन, आणि वर तारीख, ३१ जून! मी काही बोलले नाही. दोरी पुढे केली आणि म्हटलं, बेटा, या बांबूला क्लोव्ह हिच घाल बघू. तिने दोन वेढे घेतले, टोक ओढलं, आणि दोरी सुटून पायाशी पडली. आई शेजारीच उभी. "घरी येतं हो तिला, मॅडम." आता वही कोणी लिहिली, हे विचारायची गरजच उरली नाही.

वहिनी, तुम्ही कुरडया करता ना? गहू तीन दिवस भिजवता, रोज पाणी बदलता. वाटून चीक काढता, तो रात्रभर निवळू देता, वरचं पाणी ओतून टाकता. मग शिजवून सोऱ्याने पाडता आणि उन्हात घालता. एका दिवसात कुरडई वरून कडकडीत दिसते, पण आत ओल असते. तशीच डब्यात भरली तर पावसाळ्यात बुरशी. दोन सोपानांमध्ये काही महिने जाऊ द्यायचा नियम आहे ना, ज्याला तुम्ही सगळ्या अडथळा समजता, तेच हे ऊन. आणि राष्ट्रपती पुरस्काराची चाचणी म्हणजे तापलेलं तेल. त्यात फुलली तर फुलली. आईने काय करायचं? कावळे हाकलायचे! शिबिराच्या दिवशी पहाटे उठवायचं, बुटाची नाडी तुटली असेल तर नवी आणून ठेवायची. पण सोऱ्या मुलीच्या हातात. तुम्हीच पाडून, तुम्हीच वाळवून तिच्या नावाच्या डब्यात भरल्यात, तर त्या कुरडया तुमच्या.

म्हणून म्हणते, लॉगबुक ज्याचं त्याने लिहावं, आणि त्याच दिवशी लिहावं.

आपल्या गावाला तर हे जास्त लागू. भारतातलं मुलींचं पहिलं गाइड पथक १९११ साली याच जबलपुरात निघालं, डॉ. कलन यांनी काढलं. पण ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलींसाठी. आपल्या मुली बाहेर. मुलांचंही तेच. आपल्या मध्य प्रांतात भारतीय मुलांसाठी स्काउटिंग सुरू केलं ते व्हिव्हियन बोस यांनी, १९१३ मध्ये. हेच पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. ज्या दारातून आत यायला एवढी खटपट करावी लागली, त्यातून आत येऊन आपण काय करतो, तर मागच्या वर्षीच्या ताईची वही उतरवून काढतो. तारखेसकट!

आता कोणी म्हणेल, बाई, रेल्वेच्या भरतीत स्काउट-गाइड कोटा आहे, प्रमाणपत्र लागतं. लागतं ना! पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालयच आपल्या गावात, तेव्हा ही गोष्ट इथे घरोघरी माहीत. नोकरी मिळावी असं मलाही वाटतं. पण उद्या फलाटावर कोणाचा हात मोडला, तर झोळीची गाठ प्रमाणपत्र बांधणार आहे का? तिथे रीफ नॉटच हवी. ती सपाट बसते, रुतत नाही. उलटी घातली की घसरते, आणि ती उलटी पडते हे कळायला ती शंभरदा स्वतः बांधावी लागते. मदनमहालच्या टेकडीवर तो तोललेला खडक आहे, १९९७ च्या भूकंपातही जागचा हलला नाही. त्याच्यावरून मला तयारीबद्दल काही सांगायचं होतं, पण इकडे काचेपलीकडून वेळ संपल्याचं बोट वर झालंय.

‘खरी कमाई’ या उपक्रमावर बोलायचं राहिलं. पचमढीच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्राबद्दलही राहिलं. असो. वही तेवढी लक्षात ठेवा, पुन्हा सांगते. शिबिराहून आली की आंघोळीला पाठवण्याआधी लिहायला बसवा. पानावर माती लागू दे, शुद्धलेखन चुकू दे. सुंदर अक्षराला आम्ही गुण देत नाही, आणि मॅडम काय म्हणतील याची काळजी तर मुळीच नको, कारण मॅडमचं स्वतःचं अक्षर…