कोयता म्हणजे किती माणसं? गणिताच्या अभ्यासक्रमाविषयी थोडंसं

(श्रीगोंदा येथे बचत गटांतील आणि शाळा व्यवस्थापन समित्यांवरील महिलांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



विषय ऐकून मागच्या रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या, ते मी पाहिलं. ‘आमचं कुठं गणितात डोकं,’ हे वाक्य बायकांच्या तोंडी फार असतं. पण डेअरीची चिठ्ठी, गटाचं पासबुक, कारखान्यावरची उचल, सगळीकडे आपण आकड्यांतच वावरतो. तेव्हा प्रश्न डोक्याचा नाही. शाळेनं कशाला वेळ दिला आणि कशाला दिला नाही, याचा आहे. ते कुणीतरी ठरवतं, आणि त्या ठरवण्यात आपण कधी नसतो.

दुधाचंच घ्या. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर धरतात, आणि त्याखाली गेलं की पॉइंटमागे पैसे कापतात. आता सहावी-सातवीतल्या मुलीला विचारा, ३.४५ मोठे की ३.५? बऱ्याच जणी ३.४५ म्हणतील, कारण ४५ हे ५ पेक्षा मोठे. या मुलींनी दशांश अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी पानं भरभरून केलेली असते. स्थानिक किंमत मात्र मनात बसलेली नसते. धार काढणारी, दूध घालणारी बहुतेक बाईच. चिठ्ठी वाचणारा मात्र घरातला पुरुष.

दुसरं, ऊसतोड. आपल्या तालुक्यातल्या कारखान्यांवर दरवर्षी बीडकडून, पाथर्डीकडून टोळ्या येतात. तोडणीचा दर जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. एका जोडप्यानं लाखाची उचल घेतली असेल तर ती फेडायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो. रोज दोन टन तोडला तरी १३७ दिवस, एकही खाडा न धरता. म्हणजे जवळजवळ पुरा हंगाम, आणि त्यात खाण्यापिण्याचा खर्च धरलेलाच नाही. हा भागाकार चौथी-पाचवीचा आहे. पण तो उचल घेण्याआधी मांडायचा असतो, हे कोणत्या धड्यात आहे? आणि नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल नवऱ्याच्या नावानं, हिशेब मुकादमाच्या वहीत. जुन्या अंकगणितात काळ-काम-वेगाची उदाहरणं असत, ‘२ पुरुष किंवा ३ स्त्रिया एक काम इतक्या दिवसांत करतात’. तिथं निदान बाई मोजली तरी जाई, कमी का होईना!

तिसरं, कर्ज. माझ्या ओळखीच्या एका गटाला एका कंपनीच्या माणसानं ‘फक्त १२ टक्के’ सांगून कर्ज दिलं. दहा हजार, व्याज १२०० आणि वर्षभर महिन्याला साधारण ९३३ रुपये हप्ता. बायकांना वाटलं, सावकारापेक्षा बरं. पण पहिल्या हप्त्यापासून मुद्दल कमी होत जाते. वर्षभरात आपल्या हाती सरासरी साडेपाच हजारही राहत नाहीत, व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर. म्हणजे खरा दर २१-२२ टक्के. शतमान आणि सरळव्याज यांतल्या जणी शाळेत शिकलेल्या होत्या. सूत्र पाठ होतं, ‘टक्के कशाचे?’ हा प्रश्न मात्र त्यांना कुणी विचारायला शिकवला नव्हता.

आता कुणी म्हणेल, मग मुलींना व्यवहारापुरतं गणित शिकवा, बीजगणित-भूमिती कशाला? इथं सावध राहायला हवं, कारण ही वाट जुनी आहे. १८८४ साली पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं तेव्हा टिळकांच्या ‘मराठा’तून टीका झाली होती, की असं शिक्षण संसाराला उपयोगाचं नाही. पुढं कित्येक वर्षं मुलींना गणिताऐवजी गृहशास्त्राकडे वळवलं गेलं. १९६० च्या दशकात हंसा मेहता समितीनं मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे नकोत असं सांगितलं, आणि १९६६ मध्ये कोठारी आयोगानं दहावीपर्यंत गणित सर्वांना सक्तीचं असावं म्हटलं. तरी अलीकडच्या काळात आपल्याकडे काही वर्षं ‘सामान्य गणित’ होतंच. ते घेतलं की विज्ञान शाखेची वाट बंद. ते आता बंद झालं, हे बरंच झालं.

२००५ च्या राष्ट्रीय आराखड्यात गणिताची दोन ध्येयं सांगितली आहेत. आकडेमोडीपुरतं ते संकुचित. गणिती रीतीनं विचार करता येणं हे वरचं. मला वाटतं आपल्या मुलींना दोन्ही हवीत. म्हणून कमी काय करायचं तेही बोललं पाहिजे. तीन-चार अंकी भागाकारांची रांग, अवाढव्य छेदांचे अपूर्णांक, घड्याळ लावून पाढे. पाढे नकोत असं मी म्हणत नाही. पण त्यात जाणारा वेळ स्थानिक किंमत, प्रमाण, टक्के, अंदाज बांधणं आणि ‘हे असं का?’ ते तोंडानं सांगणं याला दिला पाहिजे. बीजगणिताची सुरुवातही तिथूनच होते.

२०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’बरोबर ‘साठ तीन’ असंही आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! मंगला नारळीकर तेव्हा बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: मूल ऐकतं आधी तीन, लिहायचं असतं आधी सहा, आणि इथंच ते अडखळतं. वाद मात्र मराठीच्या अभिमानावर गेला, विनोद झाले. पारधी वस्तीवरच्या, घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलीला काय सोपं जातं, हे कुणी विचारलं नाही.

राज्यातली पुस्तकं आता पुन्हा टप्प्याटप्प्यानं बदलत आहेत. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. इथल्या कितीजणी नुसत्या सहीपुरत्या बोलावल्या जातात, हे तुम्हीच मला मघाशी सांगत होतात. पुढच्या सभेला डेअरीच्या चार चिठ्ठ्या आणि गटाचं एक पासबुक घेऊन जा. सातवीच्या वर्गाला ते वाचायला द्या, आणि कुठल्या ओळीला पोरी थांबल्या ते गुरुजींच्या देखत लिहून काढा. ठराव त्यावरच करायचा. ती यादी आमच्याकडेही पाठवा. तालुक्यातल्या सगळ्या एकत्र करून आपण गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊ.