चालत्या घराची पारख



निगडीत उभे राहून गाडीच्या बांधणीविषयी बोलायचे, म्हणजे सोनारापुढे कस लावण्यासारखे आहे. या सभेतील पुष्कळांची हयात आकुर्डी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत गेली आहे. आकुर्डीचेच नाव सांगणाऱ्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, १९८७ साली ‘ट्रॅव्हलर’ रस्त्यावर आणली आणि आपल्याकडच्या अनेक कॅरॅव्हॅन आज तिच्यावरच बांधल्या जातात. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही आखले. तेव्हा असे चालते घर घेताना काय पाहावे, हा प्रश्न आता केवळ श्रीमंतांचा राहिलेला नाही.

आम्ही गेले वर्षभर अशाच एका छोट्या, नव्या गाडीतून हिंडतो आहोत. तिचे सुख मोठे आहे. मुक्कामाला खोली शोधावी लागत नाही आणि म्हाताऱ्या माणसांना वाटेत हक्काचे अंथरूण मिळते. परंतु पहिल्याच पावसात, लोणावळ्याच्या अलीकडे, छताच्या झरोक्यातून पाणी गळू लागले. गाडी करणारे म्हणाले, “भोक आम्ही पाडलेले नाही.” घर बांधणारे म्हणाले, “पत्रा आमचा नाही.” दोघेही खरेच बोलत होते, भिजत होतो आम्ही!

या व्यवहाराचे मर्म इथेच आहे. चालत्या घराला बाप दोन असतात. खालची गाडी मोठ्या कारखान्यात, चाचण्यांतून तावूनसुलाखून निघते. वरचे घर बहुधा लहान वर्कशॉपात सुतार आणि वायरमन उभे करतात. दोघेही आपापल्या कामात वाकबगार असतात. परंतु दोष शिरतो तो दोन विद्यांच्या सांध्यात.

सुताराचेच पाहा. घरातले कपाट भिंतीला टेकून आयुष्य काढते. गाडीतल्या कपाटाला रोज भूकंप सोसावा लागतो. भुसा दाबून केलेल्या फळीतला स्क्रू घरात वर्षानुवर्षे टिकतो, पण गाडीत हादऱ्यांनी ढिला होतो. तिथे चांगले प्लायवूड आणि नटबोल्टच हवेत. वायरमनचा हात २३० व्होल्टला सरावलेला असतो. २४० वॅटच्या उपकरणाला तिथे सुमारे १ अँपिअर प्रवाह पुरतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर त्यालाच २० अँपिअर लागतात. घरातली बारीक तार इथे वापरली तर ती तापते, आणि तार तापते ती लाकडी फळीच्या आड, कोणाला न दिसता.

गॅसची गोष्ट याहून गंभीर आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो. म्हणून हवेची जाळी छताला असून भागत नाही, सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाशीही बाहेर उघडणारी वाट हवी. बंद गाडीत मुलेबाळे झोपायची असतात, हे विसरून चालणार नाही.

मग गिऱ्हाइकाने करावे काय? सनमायकाची चकाकी आणि गादीचा मऊपणा पाहून भुलू नये. कप्पे उघडून आतली बाजू पाहावी. गाडीवर अर्धा तास नळीने पाणी सोडावे. टाकी आणि सामान भरून, माणसे बसवून ती वजनकाट्यावर चढवावी. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन, आणि एकूण आकडा नोंदणीपुस्तकातील मर्यादेत बसला पाहिजे. मोटार कॅरॅव्हॅनसाठी असलेल्या ए.आय.एस. १२४ या मानकाप्रमाणे मान्यता आहे काय, ते विचारावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, छताची भोके, तारा आणि गॅस यांची जबाबदारी कोणा एकाच्या नावे लेखी घ्यावी. पैसे देण्यापूर्वी हा कागद सहज मिळतो. नंतर मिळतात ती उत्तरे.

या पट्ट्यातल्या कामगाराने लोखंडाला शतांश मिलिमीटरची शिस्त लावली आहे. तीच शिस्त लाकडाच्या आणि रबराच्या सांध्यालाही लावता येईल, याविषयी आम्हांला शंका नाही. मात्र ती मागणारे गिऱ्हाईक हवे, आणि ते होणे आपल्या हाती आहे.